तुर्कमेनिस्तानात बघायचं काय? आधी पाणी, मग शहर

तुर्कमेनिस्तानची दोन छायाचित्रं बहुतेकांनी पाहिलेली असतात. एक रात्रीच्या अंधारात धगधगणाऱ्या दरवाझाच्या आगीच्या खड्ड्याचं आणि दुसरं पांढऱ्याशुभ्र संगमरवरी राजधानीचं, अश्गाबाद शहराचं. एरवी या देशाचं नाव आपल्याकडे फार तर तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात आणायच्या 'तापी' गॅसवाहिनीच्या बातमीत येतं. २०२५ मध्ये तिथे ई-व्हिसाचा कायदा झाल्याची बातमी आली आणि इतकी वर्षं जवळपास बंद असलेल्या या देशात आपल्यालाही जाता येईल का, असं लोक विचारू लागले.

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की मात्र गोंधळ उडतो. मर्व, कुन्या-उर्गेंच, निसा, गोनुर देपे. यातल्या पहिल्या तीन जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. छायाचित्रात मात्र दिसतात मातीचे उंचवटे, झिजलेल्या भिंती आणि मैलोन्‌मैल काहीच नाही. वेरूळची लेणी किंवा हंपीचे खांब पाहून तयार झालेल्या नजरेला इथे धरायला काही सापडत नाही. एवढा खर्च करून ढिगारे बघायला जायचं का, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर पाण्यात आहे. या देशातलं पाणी कुठून यायचं आणि कुठे संपायचं हे कळलं, की त्याच ढिगाऱ्यांत रस्ते, वेशी आणि पेठा दिसू लागतात.

समुद्राला न मिळणाऱ्या नद्या

तुर्कमेनिस्तान महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग काराकुम वाळवंटाने व्यापला आहे. तिथे वर्षाला साधारण ७० ते १५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातही याच्या तिप्पट-चौपट पडतो. म्हणजे पावसावर शेती हा विषयच नाही. जे काही पिकतं ते नदीच्या पाण्यावर.

नद्याही वेगळ्या. मुरघाब नदी अफगाणिस्तानच्या डोंगरात उगम पावते, उत्तरेला वाळवंटात शिरते, तिथे तिला फाटे फुटतात आणि ती वाळूत जिरून जाते. समुद्रापर्यंत ती पोचतच नाही. नदी जिथे अशी पसरते तिथे गाळाची सुपीक जमीन तयार होते. चहूबाजूंनी वाळू आणि मध्ये हा हिरवा पट्टा. त्याला आपण मरूद्यान म्हणतो. मर्व शहर अशाच मरूद्यानात उभं राहिलं. चीन, इराण आणि भूमध्य समुद्राकडच्या बाजारांना जोडणाऱ्या मार्गांवर, म्हणजे ज्यांना आपण रेशीम मार्ग म्हणतो त्यांवर, उंटांच्या तांड्यांना थांबायला, माल उतरवायला, जनावरं बदलायला दुसरी जागाच नव्हती. रेशीम मार्ग हा काही एक आखलेला रस्ता नव्हता. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतच्या अनेक वाटांचं ते जाळं होतं.

मातीचं टेकाड म्हणजे शहर कसं काय?

महाराष्ट्रात जुन्या गावांच्या कडेला पांढरीचं टेकाड असतं. पावसाळ्यानंतर तिथे खापरं, मणी, क्वचित एखादं नाणं वर येतं. तेरला किंवा कौंडिण्यपूरला गेलेल्यांना हे सांगायला नको. मातीचं घर पडलं की लोक ते सपाट करून त्याच जागी दुसरं बांधतात. असं हजार-पाचशे वर्षं चाललं की जमीनच वर येते. तुर्कमेनिस्तानातला 'देपे' म्हणजे तेच टेकाड, फक्त कितीतरी मोठं.

या प्रदेशात बांधकामाला दगड जवळपास नव्हता आणि भट्टीत विटा भाजायच्या तर सरपण दुर्मीळ. म्हणून चिखलात काड कालवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा वापरल्या गेल्या. अशी भिंत उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण तिला दर एक-दोन वर्षांनी मातीचा गिलावा द्यावाच लागतो. माणूस निघून गेला आणि गिलावा थांबला, की पाऊस आणि वारा तिला पुन्हा माती करतात.

म्हणूनच मर्वची ग्रेट किझ काला ('काला' म्हणजे किल्ला) पाहताना अंगावर काटा येतो. साधारण बारा-तेराशे वर्षांपूर्वीची ही कच्च्या विटांची गढी. तिच्या बाहेरच्या भिंती सपाट नाहीत. जाडजूड अर्धगोल खांब एकमेकांना चिकटवून उभे करावेत तशी रचना खालपासून वरपर्यंत गेली आहे. वरची टोकं झिजून बोथट झाली आहेत. जवळ गेलं की विटांचे थर एकेक मोजता येतात आणि त्यांत कालवलेलं काड आजही दिसतं. भट्टीतली एकही वीट न लावता उभारलेलं हे काम इतकी शतकं टिकलं.

मर्व: एकावर एक नव्हे, शेजारी शेजारी

बहुतेक प्राचीन शहरं एकाच जागी थरावर थर रचत वाढली. त्यामुळे जुनं शहर बघायचं तर नवं खणून काढावं लागतं. मर्वचं तसं झालं नाही. कालवे आणि पाण्याचा प्रवाह सरकत गेला तसं शहरही सरकलं. जुन्या तटबंदीच्या बाहेर नवी तटबंदी उभी राहिली आणि जुनं तसंच मागे पडलं. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने मर्व अनमोल आहे ते यामुळे. अडीच हजार वर्षांचा इतिहास इथे जमिनीवर आडवा पसरलेला आहे.

सगळ्यात जुनी एर्क काला. इराणच्या हखामनी सम्राटांच्या काळातली, वाटीसारखी गोल, उंच तटांची. तिला पोटात घेऊन ग्रीक सेल्युसिड राजांनी चौकोनी गावूर काला वसवली. तिची एकेक बाजू दोन किलोमीटरच्या आसपास. याच गावूर कालात बौद्ध स्तूप सापडला आणि तिथल्या एका रंगीत कलशात भूर्जपत्रावरची संस्कृत बौद्ध हस्तलिखितं मिळाली. बौद्ध धर्म पश्चिमेला कुठवर पोचला याच्या खुणा शोधताना मर्व जवळपास शेवटच्या टोकाला येतं. आपल्याकडच्या अजिंठा-कार्ल्याच्या व्यापारी वाटांचा विचार करणाऱ्याला हा कलश फार काही सांगून जातो.

गावूर कालाच्या पश्चिमेला इस्लामी काळातलं सुलतान काला. बाराव्या शतकात सेल्जुक सुलतान संजरच्या वेळी हे त्या काळच्या जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. याकूत अल-हमवी या भूगोलकाराने इथल्या दहा ग्रंथालयांची तोंड भरून स्तुती केली आहे. त्याच्या घरी एकावेळी दोनशेच्या आसपास ग्रंथ असत आणि तेही बहुतेक अनामत न ठेवता मिळालेले, असं तो लिहितो. वाळवंटातल्या शहराबद्दलचा हा तपशील मला कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

त्या शहराच्या मधोमध सुलतान संजरची कबर उभी आहे. ही भाजक्या विटांची. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा स्थापत्यातला जुना पेच. इथे कोपऱ्यांत कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आहे आणि त्यावर घुमट चढवला आहे. आतल्या घुमटाचा व्यास १७ मीटर. बाहेरून त्यावर दुसरा, निळ्या कौलांचा घुमट होता. तो एक दिवसाच्या वाटेवरून दिसे, असं याकूतने नोंदवलं आहे. आत उभं राहून वर बघायला विसरू नका.

हे सगळं चालवायचं कोण?

दहाव्या शतकातले अरब भूगोलकार लिहितात, की मर्वच्या पाण्यावर एक स्वतंत्र अधिकारी होता आणि त्याच्या हाताखाली दहा हजार माणसं होती. बांध राखणं, कालव्यातला गाळ काढणं, वाटणी करणं ही त्यांची कामं. नदीवर पाण्याची पातळी मोजायची पट्टी होती आणि तिच्यावरचं माप होतं जव, म्हणजे सातूच्या दाण्याएवढं. पाणी साठ जव चढलं तर वर्ष सुकाळाचं, लोक आनंद करत. सहाच जव चढलं तर दुष्काळ. पातळी मोजली की त्या हिशेबाने पाणी सोडलं जाई. पाण्याची पाळी, पाटकरी, टेलला न पोचणारं पाणी यांवर आयुष्य घालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

'पण हे तर मंगोलांनी संपवलं ना?'

मंगोलांनी १२२१ मध्ये मर्व उद्ध्वस्त केलं हे खरं. चंगेझखानाचा मुलगा तोलुई याच्या फौजेने शहर शरण आल्यावर कत्तल केली. तेव्हाच्या इतिहासकारांनी मृतांचा आकडा तेरा लाखांपर्यंत नेला आहे. तो अतिशयोक्त असणार, पण संहार भयंकर होता यात शंका नाही.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. १४०९ मध्ये तैमूरचा मुलगा शाहरुख याने बांध दुरुस्त करवला आणि जुन्या शहराच्या दक्षिणेला मर्व पुन्हा वसलं. आकाराने लहान, पण वसलं. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याच्या शाह मुरादने मर्ववर स्वारी केली, मुरघाबवरचा बांध फोडला आणि लोकांना बुखाऱ्याकडे हाकलून नेलं. त्यानंतर ते जुनं मर्व पुन्हा उभं राहिलं नाही. माणसं मारली गेली तरी बांध शाबूत असला किंवा बांधून काढता आला, तर नवी माणसं येऊन शहर वसवत. बांध गेला आणि तो बांधणारे हातही गेले, की शहर गेलं. माझ्या मते मर्वचा इतिहास वाचायची खरी किल्ली ही आहे. शिकवताना मात्र आपण लढायांच्याच सनावळ्या शिकवतो.

हेच इतर ठिकाणीही दिसतं. मर्वच्या उत्तरेला, आज ऐन वाळवंटात, गोनुर देपे आहे. साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं कांस्ययुगीन नगर. व्हिक्टर सारियानिदी या पुरातत्त्वज्ञाने २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कित्येक वर्षं इथे उत्खनन केलं. राजवाडा, देवळं, चाकांच्या गाड्यांसह पुरलेले सरदार असं बरंच काही निघालं. त्यातच हत्ती कोरलेली सिंधू संस्कृतीची एक मुद्रा निघाली. म्हणजे हडप्पाचा माल किंवा हडप्पाची माणसं इथवर येत होती. त्या काळी मुरघाबचे फाटे इथपर्यंत पोचत. पुढे पाणी दक्षिणेकडे मागे हटत गेलं आणि वस्तीही त्याच्यामागे गेली. मर्व दक्षिणेला का, याचं उत्तर गोनुरला मिळतं.

देशाच्या उत्तर टोकाला कुन्या-उर्गेंच. ख्वारिझमच्या साम्राज्याची राजधानी, अमू दर्या नदीच्या पाण्यावर जगलेली. ते मंगोलांनी उद्ध्वस्त केलं, पुन्हा उभं राहिलं. प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये आला तेव्हा बाजारात गर्दीने पाऊल ठेवायला जागा नव्हती. १३८८ मध्ये तैमूरने ते पुन्हा उद्ध्वस्त केलं आणि त्यानंतर नदीनेही पात्र बदललं. आज तिथे सुमारे ६० मीटर उंच मनोरा एकटाच उभा आहे आणि जवळच तोरेबेग खानम वास्तूच्या घुमटाच्या आतल्या बाजूची कौलांची नक्षी आहे. रंग बघायचे तर साऱ्या देशात हीच जागा.

निसा अश्गाबादपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, प्राचीन इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियन राजांची. तिथले हस्तिदंती मद्यपात्रांचे सुंदर नमुने संग्रहालयात आहेत. जागेवर तटबंदी आणि खोल्यांचा आराखडा दिसतो. अर्धा दिवस पुरतो.

आता कालवा आहे, मग चिंता कसली?

१९५४ मध्ये सोव्हिएत सरकारने काराकुम कालवा खणायला घेतला. अमू दर्याचं पाणी १३०० किलोमीटरहून लांब, वाळवंटातून मर्वच्या परिसरात, अश्गाबादला आणि त्याही पलीकडे पोचलं. कापूस वाढला, शहरं वाढली. पण कालव्याचं बरंचसं पात्र मातीचंच. पाझर प्रचंड. त्यामुळे भूजल वर आलं आणि त्याच्याबरोबर क्षार वर आले. उसाच्या पट्ट्यातली क्षारपड जमीन पाहिलेल्यांना पुढचं कळेल. शेती नासतेच, शिवाय हे खारट पाणी कच्च्या विटेच्या भिंतीत पायाकडून वर चढतं. ते वाळलं की क्षारांचे स्फटिक होतात आणि वीट भुगा होऊन गळते. भिंतीचा तळ कुरतडला जातो आणि वरचा भार एक दिवस कोसळतो. शेकडो वर्षं पाण्यावाचून ओस पडलेल्या भिंतींना आता पाण्याचंच भय आहे.

अमू दर्याचं पाणी असं वळवल्याने अरल समुद्र आटला, हे सर्वज्ञात आहे. त्यात २०२२ पासून अफगाणिस्तानात तालिबान राजवट कोश तेपा नावाचा २८५ किलोमीटरचा कालवा त्याच नदीवर खणते आहे. तो पूर्ण चालू झाला की खाली तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तानला येणारं पाणी कमी होणार. अफगाण शेतकऱ्याचाही त्या नदीवर हक्क आहे, हे विसरून चालणार नाही. मर्वला जाताना वाटेत दिसणाऱ्या कापसाच्या शेतांकडे या नजरेने बघा.

गालिचा, घोडा आणि भाकरीइतका महत्त्वाचा नान

मरूद्यानाबाहेर राहणाऱ्या तुर्कमेन टोळ्या भटक्या होत्या. त्यांची संपत्ती घरात मावणारी नव्हे, उंटावर लादता येणारी. गालिचा हे त्यांचं सामानच होतं. जमिनीवर अंथरायला एक, तंबूच्या दारावर टांगायला एन्सी, कपडे-धान्य भरायला चुवल, लहान वस्तूंना तोरबा. कपाट, दार, थैली सगळं लोकरीचं आणि सगळं बायकांनी विणलेलं. रंग मंजिष्ठाच्या मुळीचा गडद लाल. त्यावर एकासारखा एक अष्टकोन, त्याचे चार भाग, समोरासमोरचे भाग एका रंगाचे. त्याला 'ग्योल' म्हणतात. प्रत्येक टोळीचा ग्योल वेगळा, त्यामुळे गालिच्यावरून माणसाची टोळी ओळखता येई. पाच टोळ्यांचे ग्योल आज देशाच्या झेंड्यावर आहेत. गालिचा उलटा करून बघा. मागच्या बाजूला गाठी जितक्या बारीक आणि दाट, तितकं काम उत्तम. विकत घेतला तर देशाबाहेर नेण्यासाठी तज्ज्ञ समितीचा दाखला लागतो, हे आधीच विचारून ठेवा.

दुसरं धन अखल-तेके घोडा. सडपातळ, लांब मानेचा, अंगावर धातूसारखी झळाळी. १९३५ मध्ये तुर्कमेन स्वारांनी अश्गाबाद ते मॉस्को हे सुमारे ४३०० किलोमीटरचं अंतर ८४ दिवसांत पार केलं. त्यात काराकुमचा जवळजवळ निर्जळ टप्पाही होता. कमी पाण्यावर, कमी चाऱ्यावर धावणारा घोडा याच भूमीत घडू शकतो.

आणि तंदूरमध्ये भाजलेला जाड गोल नान, त्यांचा 'चोरेक'. तो पालथा ठेवायचा नाही, खाली टाकायचा नाही. पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो हाच, सोबत हिरवा चहा. शाकाहारी प्रवाशाने चोरेक, टोमॅटो, दही आणि उन्हाळ्याच्या शेवटी मिळणारी अप्रतिम खरबुजं यांवर भिस्त ठेवावी. पुलावात मटण असतंच.

आपल्या इतिहासातही या लोकांचा एक धागा आहे. अकबराचा पालक बैरामखान तुर्कमेन वंशाचा. त्याचा मुलगा अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम, १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्याला पडलेल्या मुघल वेढ्यात होता. समोर चांदबीबी होती.

'सरकार दाखवेल तेवढंच दिसणार ना?'

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून या देशात खरा विरोधी पक्ष उभा राहू दिलेला नाही. २०२२ मध्ये बापाकडून मुलाकडे अध्यक्षपद गेलं. वृत्तपत्रं सरकारी, इंटरनेटवर कडक बंधनं, पर्यटकासोबत बहुतेक वेळ वाटाड्या. गालिचा आणि घोडा यांचेही सरकारी सण आहेत आणि रंगीत पोशाखातल्या मिरवणुका त्यासाठीच बसवलेल्या असतात. अशा देशात जाऊन आपण राजवटीला पैसा देतो का? काही प्रमाणात हो. ज्यांना ते पटत नाही त्यांनी जाऊ नये, तो निर्णय योग्यच आहे.

माझं मत जावं या बाजूचं आहे आणि त्याचं कारण दर्गे आहेत. मर्वमध्ये ख्वाजा युसूफ हमदानी या बाराव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा आहे. सोव्हिएत काळात मशिदी बंद पडल्या तरी लोक अशा ठिकाणी येत राहिले आणि आजही येतात. सहकुटुंब येतात, प्रदक्षिणा घालतात, चिंध्या बांधतात, नवस बोलतात, तिथेच स्वयंपाक करून येईल त्याला जेवू घालतात. कुन्या-उर्गेंचला किर्क मोल्ला नावाची टेकडी आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिच्या उतारावरून गडगडत खाली येतात आणि इवलेसे पाळणे ठेवून जातात. हे कुणी पर्यटकासाठी बसवलेलं नाही. अशा ठिकाणी कॅमेरा खाली ठेवा, आणि कुणी पानात काही वाढलं तर नाही म्हणू नका. लोकांशी राजकारण बोलू नका. परिणाम तुम्हाला नाही, त्यांना भोगावे लागतात.

जायचं ठरलंच तर

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मधल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आजवरची पद्धत अशी, की स्थानिक पर्यटन संस्थेमार्फत निमंत्रणपत्र मिळवायचं, मग व्हिसा. ई-व्हिसाचा कायदा झाला असला तरी तिकिटं काढण्यापूर्वी दूतावासाकडे प्रत्यक्ष नियम विचारून घ्या. डॉलर रोख न्या, कार्डावर विसंबू नका.

दरवाझाच्या खड्ड्यासाठी एक रात्र पुरे. तिथली आग पूर्वीपेक्षा बरीच मंदावल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनीच २०२५ मध्ये सांगितलं आहे. बहुतेक सहलींत मर्वला चार तास देतात. ते वाढवून पूर्ण दोन दिवस मागून घ्या. पहिल्या दिवशी गोनुर, म्हणजे पाणी आधी कुठे होतं ते कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर एर्क कालाच्या तटावर चढा. उन्हं तिरपी असताना उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि जुने रस्ते, कालव्यांच्या चाऱ्या, वेशींच्या खिंडी स्पष्ट दिसतात. दुपारी बाराला तिथे गेलात तर सपाट माती दिसेल. वाटाड्याला 'बांध कुठे होता?' असं विचारा. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

शेवटी कुन्या-उर्गेंच करून उत्तरेच्या सीमेवरून उझबेकिस्तानात उतरता येतं. खीवा तिथून जवळ आहे.